गाडीच्या एसीचा प्रेशर सेन्सर : आधी तपासणी, मग बदल



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचत असता. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. पुष्कळ सभासदांच्या दारात आज एसीची गाडी आहे. काही सभासदांनी, काही ठिकाणी चार-पाच जणांनी मिळून, ऊसतोडणी यंत्रे घेतली आहेत. त्यांच्या बंद केबिनलाही एसी असतो. मार्च महिन्यात भर दुपारी, पाचटाच्या धुरळ्यात तो एसी बंद पडला की चालकाला काचा लावून बसता येत नाही व उघडूनही बसता येत नाही. यंत्र उभे राहते. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे अखंड उसापेक्षा लवकर खराब होतात. म्हणजे केबिनमधला बिघड वजनात व साखर उताऱ्यात उतरतो.

असा एसी बंद पडला की मेस्त्री बहुधा दोन गोष्टी सांगतो : "गॅस भरा" किंवा "कॉम्प्रेसर गेला". पुष्कळदा दोन्ही खरे नसते. या दोहोंच्या मध्ये एक अंगठ्याएवढा भाग असतो, प्रेशर सेन्सर. तो काय करतो, बिघडला हे कसे ओळखावे व कसा बदलावा, हे आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

दाब कशासाठी मोजायचा?

एसीमध्ये एकच गॅस फिरत असतो. कॉम्प्रेसर तो दाबतो, तेव्हा गॅस तापतो. रेडिएटरसमोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो निवून पातळ होतो. पुढे एका बारीक छिद्राच्या झडपेतून सुटला की त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो थंड होतो. डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या जाळीतून जाताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो व परत कॉम्प्रेसरकडे येतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर गॅसचे नाव व वजन छापलेले असते, ते आधी वाचावे.

या चक्राला दोन बाजूंनी धोका आहे. गॅस गळून कमी झाला तर कॉम्प्रेसरला तेल मिळत नाही, कारण तेल गॅसबरोबरच फिरते. मग कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. उलट, कंडेन्सर तुंबला किंवा त्याचा पंखा बंद पडला तर दाब वाढतच जातो आणि नळी फुटू शकते. यासाठी जास्त दाबाच्या नळीवर राखणदार बसवलेला असतो.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा सिंगल फेज प्रिव्हेंटर आठवावा. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो. मोटार बंद पडते म्हणून कोणी तो बायपास केला तर पुढे वाइंडिंग जळते. प्रेशर सेन्सरचे काम तसेच आहे. त्याने एसी बंद केला एवढ्यावरून तो बिघडला असे ठरत नाही. तो खरे सांगतो आहे की खोटे, हे पाहणे म्हणजेच तपासणी.

स्विच वेगळा, सेन्सर वेगळा

जुन्या गाड्यांत व पुष्कळ यंत्रांत दोन तारांचा प्रेशर स्विच असतो. दाब साधारण ३० पौंडांच्या खाली गेला किंवा ४०० पौंडांच्या पलीकडे चढला की तो मंडल तोडतो. (पौंड म्हणजे दर चौरस इंचास पौंड, टायरला हवा भरताना मोजतो तोच. नेमके आकडे गाडीगणिक थोडे बदलतात.) चार तारांचा असेल तर मधल्या एका दाबाला तो पंखाही सुरू करतो.

नव्या गाड्यांत तीन तारांचा सेन्सर असतो. एका तारेतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थ, आणि तिसरी संदेशाची. दाब जसा चढेल तसे संदेशाचे व्होल्ट चढतात, साधारणपणे अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत. हा संदेश गाडीचा संगणक वाचतो आणि कॉम्प्रेसर व पंखा यांना हुकूम देतो.

तपासणीचा क्रम

१) लक्षण नीट पाहावे. गाडी रस्त्यावर पळताना गारवा चांगला आणि उभी राहिली की एसी बंद, असे होत असेल तर बहुधा दाब वाढतो आहे. पंखा व कंडेन्सर आधी पाहावा. कॉम्प्रेसर घडीघडी चालू-बंद होत असेल तर गॅस कमी असण्याचा संभव. मुळीच सुरू होत नसेल तर फ्यूज, रिले, तार, गॅस व सेन्सर असा क्रम धरावा. कॉम्प्रेसर सतत चालू आहे पण गारवा कमी आहे, अशा वेळी सेन्सरवर संशय घेण्याचे सहसा कारण नाही. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लच नसतो, तेथे 'टक्' आवाजाची वाट पाहू नये.

२) जाळी व पंखा. तोडणी यंत्रात तर हाच पहिला संशयित. पाचटाचा भुसा व माती जाळीत बसली की वारा जात नाही, दाब चढतो आणि स्विच एसी बंद करतो. पुष्कळदा स्विच बदलूनही दुपारी पुन्हा तेच होते, त्याचे कारण हे. जाळी आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने किंवा पाण्याने साफ करावी. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा जवळून मारल्यास पाती वाकतात व वारा कायमचा अडतो.

३) तारा. हंगाम संपल्यावर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या वाहनांच्या तारा उंदीर कुरतडतात. सेन्सरचा प्लग काढून पिना हिरवट झाल्या आहेत का, सैल आहेत का, ते पाहावे. प्लगच्या आत तेल दिसले तर सेन्सर आतून गळतो आहे. तो बदलायलाच हवा.

४) स्थिर दाब. इंजिन बंद करून काही तास गाडी सावलीत ठेवावी व मग मेस्त्रीकडून गेज लावून घ्यावा. आर-१३४ए गॅस असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे सारखे आणि साधारण पुढीलप्रमाणे यावेत :

२५ अंश सेल्सिअस तापमानास — सुमारे ८२ पौंड
३० अंशास — सुमारे ९७ पौंड
३५ अंशास — सुमारे ११४ पौंड
४० अंशास — सुमारे १३३ पौंड

आकडा याहून पुष्कळच कमी असेल तर गॅस गळला आहे. तेथे सेन्सर खरे बोलतो आहे, त्याला दोष देऊ नये. आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेपूर आहे असेही मात्र समजू नये. आत थोडा द्रव उरला असला तरी दाब तेवढाच दिसतो. गॅसचे खरे माप वजनानेच होते.

५) स्कॅनर व मल्टिमीटर. तीन तारांच्या सेन्सरची खरी परीक्षा तुलनेची आहे. स्कॅनरवर दिसणारा दाब आणि जास्त दाबाच्या बाजूच्या गेजवरचा दाब जवळजवळ जुळला पाहिजे. गेज १०० पौंड सांगतो आणि स्कॅनर शून्य किंवा ४०० सांगतो, तर बिघाड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत. मग प्लग काढून, चावी चालू ठेवून ५ व्होल्टची तार व अर्थ यांमध्ये मोजावे. ५ व्होल्ट आले नाहीत तर दोष तारेत किंवा पुढे आहे, नवा सेन्सर घालून उपयोग नाही. ५ व्होल्ट व अर्थ ठीक, संदेशाची तार अखंड, आणि तरीही दाब जुळत नाही, तेव्हाच सेन्सर दोषी ठरवावा. स्कॅनरवर पी-०५३० ते पी-०५३३ यांपैकी संकेत दिसला तरी तो या मंडलाकडे बोट दाखवतो एवढेच, भाग बदला असा हुकूम तो नव्हे.

दोन तारांच्या स्विचची परीक्षा सोपी. स्थिर दाब वरच्याप्रमाणे ठीक असताना प्लग काढून स्विचच्या दोन पिनांत जोड दाखवला पाहिजे. दाखवला नाही तर स्विच गेला.

बदलण्याची रीत

पहिला प्रश्न असा की सेन्सरखाली झडप आहे का? अनेक गाड्यांत टायरच्या व्हॉल्व्हसारखी झडप असते व सेन्सर काढताच ती मिटते. काही गाड्यांत ती नसते आणि सेन्सर फिरवताच सगळा गॅस सुटतो. हे गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहिल्याशिवाय पाना लावू नये. झडप नसेल तर आधी यंत्राने गॅस बाटलीत काढून घ्यावा. हवेत सोडू नये. वातावरण तापवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे.

मग पुढील क्रम ठेवावा :

१) इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार काढावी. चष्मा व हातमोजे घालावेत. सुटणारा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते.
२) सेन्सरभोवतीची माती पुसून घ्यावी. एक कणही आत जाता कामा नये.
३) एका पान्याने नळीचा जोड धरावा, दुसऱ्याने सेन्सर फिरवावा. जोड न धरल्यास ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते.
४) जुनी ओ-रिंग काढून नवी घालावी. तिला कॉम्प्रेसरचेच तेल दोन थेंब लावावे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस चालत नाही.
५) नवा सेन्सर प्रथम हाताने आटे धरून बसवावा, मग पुस्तकात दिलेल्या बेताने आवळावा. जोर करून आवळल्यास आटे जातात.
६) प्लग बसवून एसी सुरू करावा, साबणाच्या फेसाने गळती पाहावी, स्कॅनर व गेज पुन्हा जुळवून पाहावेत आणि जुना संकेत पुसावा.

गॅस काढून काम केले असेल तर निदान अर्धा तास व्हॅक्यूम करून घ्यावा व चिकटपट्टीवरच्या वजनाइतकाच गॅस भरावा. मंडल बरेच दिवस उघडे राहिले असल्यास ओल शोषणारा ड्रायरही बदलावा.

हे करू नये

स्विच तारेने जोडून एसी कायम चालू ठेवू नये. तीन तारांच्या सेन्सरवर तर तार टाकूच नये, त्याने संगणकाचे व इतर सेन्सरचे नुकसान होते. गळती शोधायला ज्योत लावू नये, कारण जळालेला हा गॅस विषारी होतो. स्वस्त पडतो म्हणून घरगुती गॅस भरणाऱ्याकडून गाडी परत आणावी, कारण बंद केबिनमध्ये तो स्फोटक ठरतो.

शेवटी

भाग लहान आहे, पण त्याच्यावर खोटा आळ घेतला तर चांगला कॉम्प्रेसर बदलला जातो आणि त्याचे ऐकले नाही तर चांगला कॉम्प्रेसर जळतो. दोन्हीकडे पैसा सभासदाचाच जातो. म्हणून मेस्त्रीला तीनच प्रश्न विचारावेत : गेजवर दाब किती? स्कॅनरवर किती? प्लगमध्ये ५ व्होल्ट आहेत का? तिन्ही आकडे वहीत लिहून मगच भागाचे पैसे द्यावेत.

तोडणी यंत्रवाल्या सभासदांनी ही तपासणी गाळप सुरू होण्याआधी, यंत्र शेडमधून काढतानाच करून घ्यावी आणि हंगामात जाळी रोज संध्याकाळी साफ करावी. फडातला ऊस तुटल्यावर थांबत नाही, एवढे सर्वांनी ध्यानात ठेवावे.