न बोलणारा मुलगा

चांदवडचा रंगमहाल आपण सर्वांनी पाहिला आहे. हा अहिल्याबाई होळकरांचा वाडा. आत भिंतींवर जुनी चित्रे आहेत. चित्र म्हणजे राजेरजवाड्यांची हौस, आपला तिच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण चित्राने एका गरीब घरच्या मुलाला वाईट दिवसांत हात दिला. त्याची हकीगत आज वाचू.

आपल्याकडून नाशिक, त्र्यंबक, जव्हार असे करीत समुद्राच्या बाजूला गेले की डहाणूचा मुलूख लागतो. तिथे डोंगरात वारली लोकांचे पाडे आहेत. तलासरीजवळच्या धामणगावात १९३४ साली एक मुलगा जन्मला. त्याचे नाव जिव्या. जिव्या सोमा म्हसे.

जिव्या सातएक वर्षांचा असताना त्याची आई गेली. पोराला धक्का बसला. त्याचे बोलणेच बंद झाले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, काही वर्षे तो बोलला नाही.

असे पोर घरात असले की लोक काय म्हणतात, ते आपणांस ठाऊक आहे. कोणी म्हणतो, बाहेरचं लागलं. कोणी म्हणतो, डोकं फिरलं. पण जिव्या खाली बसे आणि बोटाने धुळीत चित्र काढी. काय सांगायचे ते चित्रातून सांगे. धूळ हीच त्याची पाटी.

इथे आमची एक गोष्ट सांगतो. आम्ही शाळेत शिकवीत असताना वर्गात एक मुलगा असाच गप्प राही. विचारले की मान खाली. पाटीवर मात्र बैल काढीत बसे. बैल मोठे झोकदार असत! आम्ही ते पुसायला लावले आणि तिथे पाढे लिहून घेतले. मुलगा पुढे शाळेत आला नाही. जिव्याची हकीगत वाचली तेव्हा तो डोळ्यांपुढे आला, आणि बरे वाटले नाही.

वारली लोकांत लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर चौक काढतात. ते काम सवाशिणींचे. भिंत शेणामातीने सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे. बांबूच्या काडीचे टोक ठेचायचे, झाला कुंचला. चौक काढला असे ते म्हणत नाहीत, चौक लिहिला असे म्हणतात. आपण सारे नुकतेच लिहायला शिकलो, आपणांस हा शब्द गोड वाटेल.

जिव्याने हे बायकांचे काम हाती घेतले. लग्न नसले तरी तो रोज चित्रे काढी. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचे धड, वर गोल डोके. एवढ्यावर त्याने शेते, मासे धरायचे जाळे, तारपा वाजवून फेर धरणारी माणसे, सारे उभे केले. पुढे त्याची वाचा परत आली. ती चित्रानेच आली, असे आम्ही छातीठोक सांगणार नाही. पण वाचा नव्हती त्या वर्षांत तो माणसांतून तुटला नाही, ते चित्रामुळे.

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर आले. त्यांनी तिथल्या लोकांना कागद दिले. जिव्याची चित्रे कागदावर आली आणि जगभर गेली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. राहणे मात्र डहाणू तालुक्यातल्या गंजाडलाच. २०१८ साली जिव्या वारले. त्यांची मुलेही चित्रे काढतात.

कोणी विचारील, हा तर मनाचा आजार झाला. अंगच खाटेला खिळले तर? त्याचेही उदाहरण आहे, पण ते दूर फ्रान्स देशातले. आंरी मातीस हा धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. वकिलाकडे कारकुनी करी. विशीत आतड्याच्या दुखण्याने आडवा झाला. पडून पडून कंटाळला, तेव्हा आईने रंगांची पेटी आणून दिली. पुढे कारकुनी सुटली ती सुटलीच. म्हातारपणी, १९४१ साली, पोटात कर्करोग निघाला. मोठी शस्त्रक्रिया झाली. वाचला, पण फार वेळ उभे राहवेना. मग त्याने कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, हा बिछान्यात नाहीतर चाकांच्या खुर्चीत बसून ते कापी, आणि सांगेल तिथे ते चिकटवीत. असे त्याने १९५४ पर्यंत, मरेपर्यंत काम केले.

मातीसचा जीव वाचवला तो डॉक्टरांनी, रंगांनी नव्हे, हे ध्यानात ठेवा. औषध बंद करून कोणी चित्र काढीत बसू नये. पण औषधाची वेळ दिवसातून दोनदा-तीनदा. बाकीचा दिवस आढ्याकडे पाहण्यात जातो, आणि दुखणे आहे त्याहून मोठे वाटू लागते.

घरात असे कोणी पडून असेल तर त्याला उजेडाच्या बाजूला बसवावे. वाटीत तांदळाचे पीठ कालवून द्यावे, काडी द्यावी. गेरूने सारवलेली फळी समोर ठेवावी. पहिल्या दिवशी काढले नाही तर रागावू नये. काय काढू असे विचारले तर सांगू नये. आणि काढलेले पुसू नये.