पाण्याखालचे गाव

गोव्याच्या सांगे तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी साळावली नदी वाहते. तिच्या काठी कुर्डी नावाचे गाव होते. ‘होते’ असे म्हणावे, तर दर उन्हाळ्यात ते पुन्हा दिसते. ‘आहे’ असे म्हणावे, तर तेथे एकही चूल पेटत नाही!

एके काळी हे गाव भरल्या घरासारखे होते. भाताची खाचरे, नारळीची झाडे, काजू, आंबे आणि फणस यांनी तेथील भूमी समृद्ध होती. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती लोक गुण्यागोविंदाने नांदत. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली येथेच झाला.

१९६१ साली गोवा स्वतंत्र झाला. दक्षिण गोव्याला पाणी पुरविण्यासाठी साळावलीवर धरण बांधण्याचे ठरले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः कुर्डीस येऊन ग्रामस्थांना सांगितले, की या त्यागाने साऱ्या दक्षिण गोव्याचे कल्याण होईल. जड अंतःकरणाने सुमारे सहाशे कुटुंबांनी गाव सोडले. त्यांना दुसरीकडे जमीन व पैसे मिळाले. १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले.

कदंबकालीन महादेव मंदिराचे दगड एकेक करून उतरविण्यात आले व धरणाजवळ ते मंदिर पुन्हा उभारण्यात आले. देऊळ हलविता आले. परंतु अंगणे, वाटा आणि विहिरी कोण हलविणार?

मे महिन्यात जलाशय आटू लागला, की घरांची जोती, झाडांचे बुंधे आणि भेगाळलेली माती वर येते. तेव्हा जुने रहिवासी मुलाबाळांसह तेथे जमतात. कोणी सोमेश्वराच्या उत्सवाला येतो, कोणी प्रार्थनामंदिराच्या सणाला. “येथे आपला ओटा होता,” असे आजोबा नातवाला दाखवितात. पुढे पाऊस येतो आणि गाव पुन्हा बुडते.

धरणाने अनेकांची तहान भागविली, हे खरे. परंतु कुर्डीतून उठून गेलेल्यांपैकी काहींना २०१९ सालीही उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागत होती. ज्यांनी पाण्यासाठी गाव दिले, त्यांच्याच घागरी रिकाम्या राहाव्यात, हे योग्य आहे काय?

मुलांनो, नळाखाली घागर भरताना या प्रश्नाचा अवश्य विचार करा.

स्वाध्याय
१. कुर्डीच्या लोकांनी गाव का सोडले?
२. ‘देऊळ हलविता आले, परंतु अंगणे कोण हलविणार?’ या वाक्यातील भाव स्पष्ट करा.