टी. बी. कुन्हा यांची विचारसंपदा आणि नगर हवेलीची मुक्ती

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेच्या जोखडातून मुक्त झाले. दादरा त्यापूर्वीच, जुलै महिन्यात स्वतंत्र झाले होते. मुक्तिसैनिकांच्या साहसाची ही कथा या प्रदेशात घरोघरी परिचित आहे. मात्र ज्या सत्तेशी ते लढले, तिचे खरे स्वरूप लेखणीने उघड करणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मरण अभावानेच होते.

कुन्हा यांचा जन्म १८९१ मध्ये गोव्यातील चांदर येथे झाला. पाँडिचेरी व पॅरिस येथे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते स्वदेशी परतले आणि १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. १९४४ मध्ये ‘डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स’ ही त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. परकी सत्ता केवळ भूमी व्यापत नाही. ती जित समाजाला स्वतःची भाषा, परंपरा व राष्ट्र यांपासून तोडते, हे तिचे मुख्य प्रतिपादन होय. त्यास इतिहासाचा आधार आहे. १६८४ मध्येच कोकणीचा त्याग करून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा आत्मसात करण्याचे फर्मान निघाले होते.

या विचारांची किंमत त्यांना मोजावी लागली. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावली व पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. पुढे ते मुंबईत परतले व त्यांनी ‘फ्री गोवा’ हे पत्र चालविले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. गोव्याची मुक्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

कुन्हा यांचे विवेचन गोव्यातील परिस्थितीवर आधारलेले होते. नगर हवेलीत चित्र निराळे होते. येथील वारली, कोकणा, धोडिया बांधवांच्या बोली व चालीरीती परकी अमलातही टिकून राहिल्या. त्यांचा मुख्य प्रश्न होता जमिनीचा. पोर्तुगीज अमदानीत ‘अल्वारा’ पद्धतीने जमिनी दिल्या जात आणि त्या कसणारा आदिवासी मात्र बहुधा परावलंबी राही. आसामच्या चहामळ्यांत नेलेल्या गोमंतकीय कुणबी मजुरांच्या हालअपेष्टांविरुद्ध कुन्हा यांनी आवाज उठविला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. श्रमिकांची मुक्ती त्यांच्या राष्ट्रवादाबाहेरची नव्हती.

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निर्णयानुसार पोर्तुगालला येथे सैन्य आणण्याचा हक्क उरला नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. अल्वारा पद्धत संपुष्टात आणण्याची तरतूद मात्र १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने झाली. ध्वज बदलल्यानंतर कसणाऱ्याच्या हक्काची तरतूद होण्यास सतरा वर्षे लागली. राजकीय मुक्ती ही कार्याची समाप्ती नसून त्याचा प्रारंभ होय, हा कुन्हा यांच्या लेखनातून निघणारा बोध सिल्वासाच्या इतिहासाने असा प्रत्ययास आणून दिला आहे.