खाऱ्या हवेतून आलेल्या गाडीची निगा

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि तेच मीठ पुढे गाड्यांचा पत्रा खाते. आपल्या पिंपरी-चिंचवडला बर्फ पडत नाही, पण मीठ मात्र पोहोचते. चाकणहून सुटे भाग घेऊन न्हावा-शेवा बंदरात गेलेली किंवा रत्नागिरीहून मासळी भरून आलेली गाडी ते अंगावर घेऊनच घाट चढते. ज्यांचा संसार एका टेम्पोवर चालतो, त्या बांधवांनी हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पाण्यात मीठ मिसळले की त्यातून वीज सहज वाहते व गंज वेगाने चढतो. प्लेटिंगच्या कारागिरांना हे ठाऊकच आहे. सॉल्ट स्प्रेच्या पेटीत 5 टक्के मिठाचे पाणी 35 अंश सेल्सिअसला फवारून त्यांच्या मालाची परीक्षा होते. समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे साडेतीन टक्के असते. तेव्हा किनाऱ्यावर फिरणारी गाडीही रोज अशीच परीक्षा देत असते.

दुसरी गोष्ट अशी की, हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओल ओढून घेते. सांध्यात बसलेले मीठ उन्हाळ्यात गप्प राहते आणि पावसाळा लागताच कामाला लागते. म्हणून गाडी वाळली म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

आता उपाय पाहू.

1) किनाऱ्यावरून परतल्यावर शक्यतो दुसऱ्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवावी. इंजिन व सायलेन्सर आधी थंड होऊ द्यावेत.

2) वरच्या चकाकीपेक्षा खालच्या बाजूकडे लक्ष द्यावे. चेसिस, पाटे, मडगार्डची आतली बाजू व लोड बॉडीचे सांधे यांतील चिखल आधी काढावा. चिखल ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो. वायरिंग व बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये.

3) दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती तारेने मोकळी करावीत. मासळीच्या गाडीत हौद्यातून खारे पाणी कोठे ठिबकते, तेही पाहावे.

4) गंजावर थेट रंग मारू नये, आत गंज चालूच राहतो. तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग द्यावा. पावसाळ्यानंतरचे कोरडे दिवस या कामास उत्तम.

5) काही जण खालून जळके ऑइल मारतात. त्याने रबरी भाग फुगून खराब होतात आणि ते तेल पावसात नाल्यावाटे पवना-इंद्रायणीत जाते. त्याऐवजी अंडरबॉडी कोटिंग करावे. मात्र पाण्याची भोके बुजू देऊ नयेत.

ब्रेकचे लोखंडी पाइप मिस्त्रीकडून वेळोवेळी तपासून घ्यावेत. पत्रा सडला तर पैशाचे नुकसान होते. ब्रेकचा पाइप घाटात फुटला तर जिवावर बेततो. त्यापुढे पाणी आणि तासभर मेहनत काहीच नाही.