बासी ईदचा गोड पाव

(पुणे कॅम्पातील एका बेकरी कारागिराच्या घरी ईदच्या दुसऱ्या दिवशी घडलेला प्रसंग या पाठात आला आहे. त्याची मुलगी तो सांगत आहे.)

माझे अब्बा पुणे कॅम्पातील एका बेकरीत भट्टीवर काम करतात. उर्दूत अशा कारागिराला नानबाई म्हणतात. लोक झोपतात तेव्हा अब्बांचे काम सुरू होते. रात्री पीठ मळायचे, ते फुगले की गोळे वळायचे आणि पहाटे, फजरच्या अजानच्या सुमारास, पहिल्या लाद्या भट्टीबाहेर काढायच्या. सणासुदीला तर त्यांना उसंतच नसते. ईदच्या सकाळी ते भट्टीवरून घरी येतात, आंघोळ करून नमाजला जातात, दोन वाट्या शीरखुर्मा घेतात आणि झोपी जातात. घरात पाहुणे येतात, हसतात, बोलतात. अब्बांना मात्र कशाचा पत्ता नसतो.

म्हणून आमची खरी ईद दुसऱ्या दिवशी असते. तिला आम्ही बासी ईद म्हणतो. त्या दिवशी अब्बांची बेकरी बंद असते. ते अकरा वाजेपर्यंत झोपतात. मग आम्ही सगळे मिळून जे खातो, ते धड नाश्ताही नसते आणि धड जेवणही नसते. या वर्षी त्या वेळी अब्बांना माझ्या हातचा गोड पाव खाऊ घालायचा, असे मी ठरवले होते.

त्याला एक कारण होते. दहावीनंतर आयटीआयमध्ये बेकरीच्या कामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याचा फॉर्म मी आणून कपाटात ठेवला होता. त्यावर अब्बांची सही हवी होती. पण बेकरीचे नाव काढले, की अब्बा आपली बाही वर करत. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे आहेत.

“आधी हे मोज आणि मग बोल,” असे ते म्हणत. पुढे बोलायची माझी हिंमत होत नसे.

बासी ईदच्या सकाळी मी सात वाजता उठले. पाव किलो मैदा चाळून घेतला. त्यात चिमूटभर मीठ आणि तीन मोठे चमचे साखर घातली. पावाच्या पिठात खमीर लागते. मराठीतही हा शब्द चालतो; बाजारात त्याला यीस्ट म्हणतात. यीस्टचे कोरडे, बारीक दाणे मी वाण्याकडून आणून ठेवले होते. दीड वाटी दूध गॅसवर ठेवले. ते चांगले गरम झाल्यावर त्यात यीस्ट आणि थोडी साखर टाकली, थोडे थांबले आणि पीठ मळले. शेवटी लोणी घालून पुन्हा मळले आणि पातेल्यावर ओला फडका झाकला.

एक तास गेला. पीठ होते तसेच होते. दीड तास गेला, तरी ते फुगेना. अम्मीने पातेल्यात डोकावून पाहिले आणि ती काही बोलली नाही. तिचे ते गप्प राहणे मला फार लागले. लोणी आणि साखर काही फुकट मिळत नाही. मी पातेले ओट्याच्या कोपऱ्यात सरकवले आणि त्यावर ताट ठेवले.

तेवढ्यात अब्बा उठले. तोंड धुऊन ते स्वयंपाकघरात आले आणि तिथेच थांबले. त्यांनी ताट उचलले, पिठात बोट खुपसले, बोटाचा वास घेतला.

“दूध किती गरम होते?”

“चांगले कडकडीत होते, अब्बा.”

“मग खमीर मेले. ते जिवंत असते, बेटा.”

मला वाटले, आता बाही वर होणार. पण अब्बा ओट्यापाशी स्टूल ओढून बसले. त्यांनी अर्धी वाटी पाणी गरम करायला सांगितले. वाटीत बोट बुडवून मनात दहापर्यंत मोजता आले पाहिजे आणि चटका बसता कामा नये, हे त्यांचे थर्मामीटर. खमिराला साधारण आपल्या अंगाइतकी ऊब मानवते. पाणी साठ अंशांपर्यंत तापले, की ते मरते. कोमट पाण्यात मी नवे यीस्ट, चिमूटभर साखर आणि दोन चमचे मैदा कालवला. दहा मिनिटांत वाटीत फेस आला. तो फेस पाहून मला जेवढा आनंद झाला, तेवढा गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले तेव्हाही झाला नव्हता.

“आता हे त्याच पिठात घाल,” अब्बा म्हणाले. “पीठ टाकायचे नाही. बिघडले आहे ते खमीर, पीठ नाही.”

पीठ सैल झाले, म्हणून आणखी मूठभर मैदा घातला. पंधरा मिनिटे मळले. मळताना मैद्यात रबरासारखे चिवट धागे तयार होतात. खमीर साखर खाते आणि वायू सोडते. तो वायू या धाग्यांच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ वर येते. आंबवण्याची ही करामत सूक्ष्म जीवांची आहे, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ सालापासून पुढे केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. अब्बांना पाश्चर माहीत नाही. खमीर रात्री श्वास घेते, असे ते म्हणतात.

पीठ फुगेपर्यंत अब्बांनी चहा घेतला. ते सहसा कामाविषयी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र बोलले.

“पावाला पाव का म्हणतात, सांग.”

“एका लादीचे चार भाग होतात म्हणून?”

अब्बा हसले. पुष्कळांना असेच वाटते. पण हा शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्या भाषेत रोटीला ‘पांव’ अशासारखा शब्द आहे. त्यांच्याबरोबर पाव गोव्यात आला. तिथे खमीर मिळेना, तेव्हा लोकांनी माडाची ताडी घालून पीठ आंबवले. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात आणि तो आजही सायकलवर भोंगा वाजवत गावात फिरतो. पुढे गोव्याचे कारागीर मुंबईला आले, इराणमधील यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या इराणी लोकांनी बेकऱ्या आणि हॉटेले काढली, आणि पाव सगळ्यांचा झाला. पुण्यात डेक्कनवरचे कॅफे गुडलक १९३५ सालचे आणि कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ सालची. बनमस्का खायला आणि श्रूसबेरी बिस्किटे घ्यायला लोक तिथे अजून गर्दी करतात. उर्दूत मात्र आपण पावाला डबल रोटी म्हणतो. एकाच पदार्थाला किती भाषांनी आपापले नाव दिले!

उन्हाळ्याचे दिवस होते. तासाभरात पीठ दुप्पट झाले. मी त्याचे सात गोळे केले. ईदचे खजूर, चारोळी आणि बदाम उरले होते; ते बारीक चिरून प्रत्येक गोळ्यात भरले. प्रत्येक गोळा पातळ तुपात बुडवला, वेलचीच्या साखरेत घोळवला आणि गोल डब्यात एकमेकांजवळ ठेवला: एक मध्ये आणि सहा भोवती.

“मध्ये थोडी जागा सोड,” अब्बा म्हणाले. “फुगले की ते आपोआप एकमेकांना भेटतात.”

लादी पावाचे रहस्य इथेच आहे. गोळे फुगून एकमेकांना चिकटतात. जिथे ते चिकटतात, तिथे थेट आच लागत नाही. म्हणून ती बाजू कडक न होता मऊ राहते आणि पाव सुरीशिवाय, हाताने सुटतो. आमच्या गोळ्यांना तर तूप-साखर लावलेली होती. त्यामुळे ते आणखी सहज सुटणार होते.

अर्ध्या तासात गोळे पुन्हा फुगले. आमच्याकडे ओव्हन नाही. जुन्या जाड कुकरच्या तळाशी मिठाचा थर दिला, त्यावर उभे कडे ठेवले, झाकणाची शिटी आणि रबर काढून ठेवले आणि रिकामा कुकर दहा मिनिटे तापवला. मग डबा आत ठेवून आच मंद केली. वीस मिनिटांनी जिन्यात वेलचीचा वास पसरला. शेजारच्या काकू दार उघडून विचारून गेल्या. पस्तीस मिनिटांनी अब्बांनी झाकण उचलले.

पाव फुगला होता, पण वरून पांढराच होता.

“इथे आच फक्त खालून आहे,” अब्बा म्हणाले. “भट्टीत लाकडे जळतात तेव्हा विटांचे छप्परही तापते. तेच वरून रंग देते.” त्यांनी तवा लालसर तापवला आणि तो डब्यावर थोड्या उंचीवर धरला. साखरेला हळूहळू सोनेरी रंग चढला. तवा धरताना त्यांची बाही आपोआप वर गेली होती. त्या वेळी ते काही बोलले नाहीत.

साडेबारा वाजले होते. दादी, अम्मी, धाकटा भाऊ, सगळे दस्तरखानावर बसले. दोन पाव अम्मीने बशीत घालून आधी शेजारच्या काकूंकडे पाठवले. उरले पाच. अब्बांनी मधला पाव सोडवला. तो सुटताना आतले पांढरे, मऊ धागे ताणले गेले आणि त्यातून वाफ निघाली. त्यांनी अंगठ्याने पाव दाबला. खळगा पडला आणि हळूच भरून आला. मग त्यांनी घास घेतला. मी श्वास रोखून पाहत होते.

“खालून जास्त भाजला आहे,” ते म्हणाले. आणखी एक घास घेतला. “पुढच्या वेळी मिठाचा थर जाड दे.”

मी उठले. कपाटातून फॉर्म आणला आणि त्यांच्या बशीशेजारी ठेवला. अब्बांनी फॉर्मकडे पाहिले. मग बोटांना लागलेली साखर रुमालाला नीट पुसली आणि अम्मीला म्हणाले, “माझा चश्मा दे बरे जरा.”

स्वाध्याय

१. मुलीने पहिल्यांदा मळलेले पीठ का फुगले नाही?
२. लादी पाव सुरीशिवाय का सुटतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘पाव’ हा शब्द मराठीत कसा आला?
४. खमीर, मैदा, चश्मा हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा.
५. चश्मा लावल्यावर अब्बा मुलीशी काय बोलले असतील? त्यांचे संभाषण लिहा.