बोगनवेल पानांतच का रमते?

प्रश्न : गच्चीवरच्या बोन्साय बोगनवेलीला माघापासून नुसती पालवी आहे, फूल एकही नाही. आता कुंडी बदलावी का?

उत्तर : कुंडीला तूर्त हात लावू नये. बहराच्या तोंडावर मुळे दुखावली की बोगनवेल रुसते. तसे पाहिले तर जो रंग दिसतो ती फुले नव्हेतच. ती छदे, म्हणजे पानांचेच बदललेले रूप. खरी फुले आत, तीन-तीनच्या झुपक्यात, बारीक पांढरट नळ्यांसारखी.

नुसत्या पालवीमागे बहुधा लाड असतात : जास्त पाणी, नत्राचे खत, कमी ऊन. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, कोरड्या ऋतूला सरावलेली. तिला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखावे, मग भरपूर द्यावे. काही आठवड्यांत कळ्यांची चाहूल लागते. उथळ ट्रेमध्ये मात्र हा ताण बेतानेच. एप्रिलच्या एका दुपारीत बारीक फांद्या वाळतात. बहर नव्या फुटव्यावर येतो, म्हणून छाटणी आधीचा बहर ओसरताच उरकायची असते. आता शेंडे खुडले, तर कळ्याच जातील.

कुंडी बदलण्याच्या बाबतीत पिंपळाच्या बोन्सायचे गणित वेगळे. पानगळीनंतर तांबूस कोंब फुगू लागले, की माती बदलायला हरकत नाही.

बोन्सायशेजारी मांडायची सोबतीची रोपे, जपानीत कुसामोनो, विकत कशाला आणायची? तण म्हणून उपटली जाणारी आंबुशी तळाला भोक पाडलेल्या पणतीत लावावी. पिवळ्या फुलांची बाजी ती बहुधा बोगनवेलीआधीच मारते.