कुंपणाचं गवत

सूनबाई, फार्महाऊसच्या कुंपणाला उंच, डोलणारं गवत लावायचं म्हणतेस. माझी ना नाही. पण नर्सरीत हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जे गवत दाखवतात, ते बहुतेक वेळा देवनळाचंच शोभेचं भावंड असतं. साधा देवनळ वीस फुटांपर्यंत जातो. पट्ट्यांचा जरा बुटका, पण सवयी त्याच. आणि आपली जागा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाला लागून. तेव्हा चार गोष्टी आधी ऐकून घे.

विकत घेण्याआधी कुंडी आडवी करून मूळ बघायचं. नर्सरीवाला कुरकुर करेल, करू दे. खाली नुसत्या तंतुमुळांचा गठ्ठा असेल तर ते गवत एका जागी ठोंब धरून राहतं. पण अद्रकासारखी जाड गाठीगाठींची मुळं आडवी निघालेली दिसली, तर ते धावणारं. देवनळाचं बी आपल्याकडे रुजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. त्याला बियांची गरजच नसते. पेराला डोळा असतो. कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला की फुटतो. पुरात काठ ढासळला की गड्डेच्या गड्डे वाहून जातात आणि थांबतील तिथे मूळ धरतात. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेनं भंडाऱ्यात काय केलं ते तू पाहिलंस. असं पाणी कुंपण बघत नाही. म्हणून तलावाची पाळ, नाला, नहर यांच्या आसपास हे गवत लावायचंच नाही.

बेशरमीच्या झुडपाचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. फुलं छान म्हणून बागेत आणली, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावली. तीही तुकड्यातून फुटते. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांत ती अशी माजली की ढीवरांना जाळं टाकायला उघडं पाणी सापडेना. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढीवरांसोबत कित्येक तलावांतून ती उपटली आणि माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. लावताना एक कांडी पुरली, काढताना अख्खं गाव पाण्यात उतरलं.

आणि परदेशी तेवढंच वाईट असं समजू नकोस. शरदात नदीच्या रेतीवर पांढरा तुरा काढतो तो कांस आपलाच. त्यानं काळ्या जमिनी अशा बळकावल्या होत्या की १९४९ साली जागतिक बँकेनं शेतीच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते मुख्यतः कांसाच्या जमिनी खोल नांगरून मोकळ्या करायला. तिकडे पनामा कालव्याच्या काठीही याच कांसानं ठाण मांडलंय. गंमत म्हणजे कोइम्बतूरला उसाचा याच्याशी संकर करूनच काटक वाण काढले. तर कांस नदीवर जाऊन बघावा, फोटो काढावे, तुरे मात्र घरी आणू नयेत. फुलदाणीत सुकले की केसाळ बी घरभर आणि मग शेतभर.

एखादं गवत हाताबाहेर गेलंच, तर काढायचं उन्हाळ्यात, माती कोरडी असताना. आधी वरचं कापून घ्यायचं. मग सब्बल लांबून घालायची, गड्ड्याला लागून नाही, आणि अख्खा गड्डा उचकटायचा. रोटाव्हेटर फिरवायचा नाही. एका मुळाचे शंभर तुकडे करून तो ते बांधीभर पेरतो. जाळायचंही नाही, वरचं जळतं आणि खालून दुप्पट जोमानं फुटतं. निघालेला गड्डा उकिरड्यावर टाकला तर उकिरड्यात वाढतो. सिमेंटच्या ओट्यावर, मोडल्यावर कट्‌कन आवाज येईपर्यंत वाळवायचा. पाऊस पडला की दर आठवड्याला फेरी मारायची, सुईएवढा कोंब दिसला तरी मुळासकट उपटायचा. मोकळ्या जागेत ढेंचा दाट पेरला तर सावलीनं उरलेलं दबतं. तणनाशकाची बाटली मात्र तलावाकाठी उघडायची नाही, त्या पाण्यातले मासे आपणच खातो.

तुला उंची आणि सळसळ हवी असेल तर वाळा लाव. ठोंब लावला तिथेच राहतो, माती धरतो, उन्हाळ्यात मुळं माठात टाकायला होतात. पुढे गवती चहाची ओळ लाव.

एवढं करूनही पट्ट्यांचा देवनळच हवा असेल, तर बुडाला सिमेंट असलेल्या हौदात लाव, आणि तोही तलावाच्या अंगाला नको, रस्त्याच्या अंगाला.